न पाहण्याचं काम : मेंदूतल्या लहरी आणि नजरेचं अवधान



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. मुलानं उत्तर बरोबर दिलं तरी ते पुढे विचारत, "पण हे कळलं कसं?" त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांनी मला हे सांगितलं आहे. आजचा विषय निवडताना हा प्रश्न माझ्यासमोर होता. मेंदूत सतत उठणाऱ्या लयबद्ध विद्युतलहरी आणि आपलं पाहणं यांचा काय संबंध आहे, हे मला सांगायचं आहे. त्याबरोबर हे कळलं कसं, कुठे ते अजून वादात आहे आणि कुठे त्याच्या नावावर लोकांची फसवणूक होते, तेही सांगायचं आहे.

कबड्डीच्या मैदानापासून सुरुवात करतो. चढाईला आलेला खेळाडू नीट पाहा. त्याची नजर बहुतेक वेळा समोरच्या मध्यरक्षकावर असते, पण लक्ष असतं डाव्या कोपऱ्यावर. तिथला गडी कधी घोट्यात हात घालेल, याचा अंदाज तो डोळ्याच्या कडेनं घेत असतो. त्यानं मान वळवून तिकडे पाहिलं तर उजवा कोपरा मोकळा सुटेल आणि आपला बेतही उघडा पडेल. म्हणून चांगला चढाईपटू नजर एकीकडे ठेवतो आणि लक्ष दुसरीकडे नेतो.

हे खेळाडूंनाच जमतं असं नाही. आत्ता, इथे बसल्या बसल्या करून पाहा. माझ्यासमोरच्या या माइकवर नजर ठेवा. आता डोळे जराही न हलवता तुमच्या उजव्या हाताला जी व्यक्ती बसली आहे, तिच्या कपड्यांच्या रंगाकडे लक्ष न्या. आता डावीकडच्या व्यक्तीकडे. जमलं ना? डोळे हलले नाहीत. डोळ्यांत शिरणारा प्रकाश बदलला नाही, दृष्टिपटलावरची प्रतिमाही तीच राहिली. तरी काहीतरी सरकलं. जे सरकलं त्याला मानसशास्त्रात अवधान म्हणतात. आपण रोजच्या बोलण्यात लक्ष म्हणतो.

हर्मान फॉन हेल्महोल्त्स या जर्मन शास्त्रज्ञानं 19व्या शतकात याचा सुरेख प्रयोग केला होता. काळोख्या पेटीत मोठ्या अक्षरांचा तक्ता. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून येणारा प्रकाशाचा ठिपका. त्या ठिपक्यावर नजर खिळवायची, पण लक्ष मात्र आधीच ठरवून अंधारातल्या एका कोपऱ्यात न्यायचं. मग विजेची ठिणगी पाडायची. ठिणगी इतकी क्षणिक की डोळे हलवायला वेळच मिळत नाही. हेल्महोल्त्सला आढळलं की ज्या कोपऱ्यात लक्ष नेलं होतं तिथली अक्षरं वाचता येतात, बाकीच्या तक्त्यावर काय होतं ते सांगता येत नाही. ठिणगीनं तर सगळा तक्ता सारखाच उजळला होता. मग निवड कुठे झाली? डोळ्याच्या मागे, मेंदूत.

ती निवड मेंदू कशी करतो, हा आजचा प्रश्न. त्याआधी आपल्याकडच्या एका जुन्या वादाकडे थोडं वळतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

न्याय-वैशेषिक दर्शनांनी मन अणुएवढं मानलं. अणुएवढं असल्यामुळे ते एका क्षणी एकाच इंद्रियाशी जोडलं जाऊ शकतं, म्हणून दोन ज्ञानं एकाच वेळी होत नाहीत. यावर आक्षेप आला. शष्कुली नावाचा कुरकुरीत पदार्थ खाताना त्याचा आकार दिसतो, वास येतो, आवाज ऐकू येतो, चव कळते, स्पर्श होतो. हे सगळं एकदमच होतं की! नैयायिकांचं उत्तर असं की ते एकदम होत नाही, मन फार वेगानं फिरतं म्हणून तसं वाटतं. जळतं कोलीत अंधारात गरगर फिरवलं की आगीचं अखंड कडं दिसतं. कोलीत प्रत्येक क्षणी एकाच जागी असतं, कडं आपल्याला भासतं. नैयायिकांच्या मते लक्षाचंही तसंच आहे.

हे ऐकून कुणी म्हणेल, पाहा, आपल्या पूर्वजांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं. तसं मी म्हणणार नाही. सरांनी इथे नक्की विचारलं असतं, हे कळलं कसं? नैयायिकांकडे मोजमाप नव्हतं, तर्क होता. पण प्रश्न मात्र त्यांनी अचूक पकडला होता : लक्ष सलग आहे की तुटक? त्याचं मोजमाप करायला विसावं शतक उलटावं लागलं.

आता मेंदूच्या लहरींकडे येऊ. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. तरुणपणी लष्करात असताना घोडा कोसळला आणि ते तोफेच्या गाड्याखाली चिरडले जाता जाता वाचले. त्याच दिवशी घरून तार आली. दूर असलेल्या बहिणीला एकाएकी वाटलं होतं की भावावर काही संकट आलं आहे. या योगायोगानं बर्गरना पछाडलं. मनाची शक्ती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जात असेल तर ती भौतिक असणार आणि मोजता येणार, असं त्यांनी धरलं. ती शक्ती त्यांना कधीच सापडली नाही. पण ती शोधताना 1924 साली त्यांनी माणसाच्या मेंदूतली विद्युतस्पंदनं पहिल्यांदा कागदावर उतरवली. छापायला त्यांनी 5 वर्षं घेतली. आपला मुलगा क्लाउस याच्या डोक्यावर त्यांनी पुन्हा पुन्हा मोजमापं केली. लहरी अतिशय क्षीण होत्या, साधारण एका व्होल्टच्या वीस हजाराव्या भागाएवढ्या. 1929 साली निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

बर्गरना सर्वांत ठळक दिसलेली लहर सेकंदाला सुमारे 10 वेळा वरखाली होणारी. तिला त्यांनी अल्फा हे नाव दिलं. डोळे मिटून स्वस्थ बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे दृष्टीची केंद्रं आहेत तिथे, ती जोरात उठते. डोळे उघडले की ती दबते. आजही ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढताना तंत्रज्ञ सांगतात, "डोळे मिटा, आता उघडा." तेव्हा ते बर्गरचाच प्रयोग करून बघत असतात.

1934 साली केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी बर्गरची लहर पडताळून पाहिली. एड्रियन त्याआधीच नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी आपल्या शास्त्रज्ञ मित्रांसमोर स्वतःच्याच डोक्यावर प्रयोग करून दाखवला. बर्गरकडे जगाचं लक्ष गेलं ते त्यानंतर. या दोघांनी एक बारकावा टिपला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पूर्ण अंधाऱ्या खोलीत डोळे उघडून माणूस काही दिसतंय का म्हणून शोधू लागला तरी अल्फा दबते. तिथे प्रकाश नाही, दिसण्यासारखं काही नाही, पाहण्याचा प्रयत्न तेवढा आहे. म्हणजे ही लहर उजेडाला उत्तर देत नव्हती. ती लक्षाला उत्तर देत होती.

इतकं समोर असूनही पुढची अनेक दशकं अल्फाचा अर्थ लावताना विज्ञान एका सोप्या समजुतीत अडकून पडलं. मेंदूचा तो भाग रिकामा बसला की अल्फा उठते, अशी ती समजूत. लहर मोठी म्हणजे काम नाही. पाठ्यपुस्तकांत हेच छापलं जाई.

ती समजूत कशी ढासळली ते सांगतो, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथे आहे. 1998च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॉन फॉक्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना पुढे येणाऱ्या आवाजाकडे लक्ष द्यायची आगाऊ सूचना दिली. डोळे उघडेच होते. तरी दृष्टीच्या केंद्रांवर अल्फा वाढली. आवाज अजून आलाच नव्हता. मेंदू आधीच तयारी करत होता, दृष्टीकडून येणारा व्यत्यय कमी करण्याची. 2000 साली त्याच गटानं दुसरा प्रयोग केला. नजर मध्यावर ठेवायची आणि डावीकडे किंवा उजवीकडे लक्ष न्यायचं, अगदी आपण आत्ता केलं तसं. मेंदूचा उजवा अर्धा भाग डावीकडचं दृश्य पाहतो आणि डावा भाग उजवीकडचं. डावीकडे लक्ष द्यायला सांगितलं तेव्हा उजवीकडचं दृश्य सांभाळणाऱ्या, म्हणजे डाव्या भागावर अल्फा चढली. जी बाजू दुर्लक्षायची, तिच्या केंद्रावर लहर.

तरीही शंका उरते. लहर आणि दुर्लक्ष बरोबर दिसतात, पण लहरीमुळेच दुर्लक्ष होतं कशावरून? 2010 साली व्हिन्चेन्झो रोमेई, योआखिम ग्रोस आणि ग्रेगोर थूट यांनी कवटीबाहेरून चुंबकीय ठोके देऊन पाहिलं. दृष्टीच्या केंद्रांवर एका बाजूला सेकंदाला 10च्या, म्हणजे अल्फाच्याच लयीत ठोके दिले, तेव्हा विरुद्ध बाजूच्या दृश्यातल्या बारीक खुणा लोकांना कमी दिसू लागल्या आणि त्याच बाजूच्या जास्त दिसू लागल्या. सेकंदाला 5 किंवा 20 ठोक्यांनी तसं झालं नाही. लय बाहेरून दिली आणि दुर्लक्ष घडलं.

म्हणजे जी लहर रिकामपणाची खूण म्हणून 60-70 वर्षं शिकवली गेली, ती दृष्टीचा दरवाजा लोटून घेण्याचं काम करते. ओले येन्सन आणि अली मझाहेरी यांनी 2010 साली हा विचार नीट मांडला. त्यांच्या मते मेंदूत माहिती कुठून कुठे जाईल हे ठरतं ते नको त्या वाटा अडवून. मला या संशोधनातून सर्वांत मोठं काही शिकायला मिळालं असेल तर ते हे. आपण लक्ष देणं म्हणजे पाहिजे ते उजळवणं समजतो. मेंदूच्या बाजूनं पाहिलं तर त्यातला मोठा भाग न पाहण्याचा आहे, आणि न पाहणं ही विश्रांती नाही. त्याला शक्ती लागते, वेळेचं नियोजन लागतं, लय लागते. वर्गात खिडकीबाहेरच्या मिरवणुकीकडे न बघता गणित सोडवणारी मुलगी दोन कामं करत असते, आणि आपण तिला गुण एकाच कामाचे देतो.

इथे भारतातल्या एका जुन्या प्रयोगाची आठवण काढायलाच हवी. 1961 साली दिल्लीच्या एम्समध्ये बालकृष्ण आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी समाधीत बसणाऱ्या योग्यांचा ईईजी घेतला. ध्यानात अल्फा ठळक होती. मग त्यांनी तीव्र प्रकाश, मोठा आवाज, गरम काचनळीचा स्पर्श असे उद्दीपक देऊन पाहिले. एरवी असं काही झालं की अल्फा ताबडतोब मोडते. समाधीत ती मोडली नाही. दोन योग्यांनी 4 अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात पाऊण तासाहून अधिक काळ हात ठेवला, तरी अल्फा टिकून राहिली. पुढे 1966 साली जपानमध्ये कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांवर केलेल्या प्रयोगात उलट चित्र दिसलं. टिकटिक आवाजाच्या प्रत्येक ठोक्याला अल्फा मोडत होती, आणि विसाव्या ठोक्यालाही पहिल्याइतकीच. सामान्य माणसाचा मेंदू अशा आवाजाला चार-पाच ठोक्यांत सरावतो. या दोन निष्कर्षांतून एक आकर्षक चित्र उभं राहतं. एका परंपरेत दरवाजा आतून लावून घ्यायचा, दुसरीत तो प्रत्येक वेळी नव्यानं उघडायचा. हे चित्र मला आवडतं. पण म्हणूनच सांगायला हवं की दोन्हीकडे साधकांची संख्या थोडी होती, आणि 1981 साली बेकर आणि शपिरो यांनी झेन, योग आणि भावातीत ध्यान करणाऱ्यांना एकाच चाचणीत बसवलं तेव्हा हा फरक दिसला नाही. आनंद यांचं काम त्यानं लहान होत नाही. 1961च्या उपकरणांनी, आपल्या देशात, त्यांनी या अवघड प्रश्नाला हात घातला.

आता लहरीच्या आत शिरू. अल्फा किंवा तिच्या शेजारच्या थोड्या मंद लहरी दरवाजा लोटून घेत असतील, तर लहर वर जाताना आणि खाली येताना दरवाजाही थोडा बंद, थोडा उघडा होत असला पाहिजे. म्हणजे सेकंदाच्या एका दहाव्या भागात दिसण्याची शक्यता वाढायला आणि घटायला हवी. फ्रान्समधल्या तुलूझ इथे रूफां व्हानरुलें आणि निको बुश यांनी 2009 साली हेच तपासलं. प्रकाशाचा इतका मंद ठिपका दाखवायचा की निम्म्या वेळा दिसेल आणि निम्म्या वेळा दिसणार नाही. ठिपका तोच, माणूस तोच, लक्षही त्याच जागी. मग कधी दिसतो, कधी दिसत नाही, हे कशावर ठरतं? उत्तर निघालं : ठिपका येण्याच्या ऐन आधी मेंदूची लहर कोणत्या टप्प्यावर होती, त्यावर काही अंशी. त्याच वर्षी अमेरिकेत कायल मॅथ्यूसन आणि सहकाऱ्यांना अल्फाच्या बाबतीत तेच आढळलं.

"काही अंशी" हे शब्द मी मुद्दाम वापरले. सेकंदातून दहा वेळा आपण आंधळे होतो असा याचा अर्थ नाही. ठळक गोष्ट लहरीच्या कोणत्याही टप्प्यावर दिसते. दिसण्या-न दिसण्याच्या काठावर असलेली गोष्ट, धुक्यातली दुचाकी किंवा रात्री कडेनं चालणारा माणूस, तिच्या बाबतीत पारडं थोडं इकडे किंवा तिकडे झुकतं.

कबड्डीच्या दोन कोपऱ्यांचा प्रश्न मात्र अजून राहिला आहे. दोन्हीकडे लक्ष ठेवायचं तर मेंदू ते अर्धं अर्धं वाटतो की आळीपाळीनं नेतो? 2012 साली आयेलेत लांडाउ आणि पास्काल फ्रीस यांनी पडद्यावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी चित्रं ठेवली. एका बाजूला क्षणभर चमक दाखवली, म्हणजे लक्ष तिथे खेचलं जाऊन घड्याळ शून्यावर आलं. मग वेगवेगळ्या कालांतरानं दोहोंपैकी एका चित्रात अगदी बारीक बदल केला. बदल ओळखण्याचं प्रमाण कालांतरानुसार मांडलं तेव्हा ते वरखाली होताना दिसलं, प्रत्येक बाजूला सेकंदाला सुमारे 4 वेळा. आणि डावी बाजू वर असताना उजवी खाली होती, उजवी वर असताना डावी खाली. लक्ष वाटलं जात नव्हतं, फेऱ्या मारत होतं.

नैयायिकांचं कोलीत इथे आठवतं. निदान या प्रयोगापुरतं त्यांचं म्हणणं खरं निघालं, आणि आता फिरण्याचा वेगही हाती आला.

पण एकाच जागी लक्ष ठेवलं तरी अशी भरती-ओहोटी दिसते. ती का, याचं सर्वांत सविस्तर उत्तर प्रिन्स्टनच्या सबिने कास्टनर आणि इयन फीबेलकॉर्न यांच्याकडून आलं. 2018 साली त्यांनी माकडांच्या मेंदूत दोन ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. एक जागा कपाळामागे, जिथून डोळ्यांच्या हालचालींना हुकूम मिळतात, आणि दुसरी पार्श्वभागात. दोन्हीकडे सेकंदाला 3 ते 8 फेऱ्यांची थीटा लहर होती, आणि तिच्या एका फेरीत मेंदू दोन अवस्थांतून जात होता. पहिल्या अवस्थेत निवडलेल्या जागेचं निरीक्षण तीव्र होतं आणि डोळे हलवण्याची यंत्रणा दाबून धरलेली असते. दुसऱ्या अवस्थेत पकड सैल होते, आणि लक्ष दुसरीकडे जायला मोकळं होतं. जाईलच असं नाही, पण जाऊ शकतं. त्याच वर्षी रॅन्डॉल्फ हेल्फ्रिख आणि रॉबर्ट नाइट यांच्या गटानं माणसांतही असंच दाखवलं. अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेआधी ज्या रुग्णांच्या मेंदूवर उपचारासाठीच तारा बसवल्या होत्या, त्यांनी या प्रयोगात भाग घ्यायला होकार दिला होता. दवाखान्यातल्या खाटेवर, आपल्या दुखण्याच्या चिंतेत, पडद्यावरचे चौकोन ओळखत बसलेल्या त्या माणसांविषयी मला कृतज्ञता वाटते. आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे.

या दोन अवस्थांचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. जंगलात फळ शोधणाऱ्या माकडाचं लक्ष फळावर पूर्ण खिळून राहिलं तर बिबट्या दिसायच्या आत झडप घालेल. सतत भिरभिरत राहिलं तर फळ मिळणार नाही. म्हणून मेंदूनं पकडणं आणि सोडणं हे दोन्ही एकाच लयीत बांधलं. लक्ष मध्ये मध्ये सुटतं हा यंत्रणेचा बिघाड नाही. सुटण्याची सोय यंत्रणेतच केलेली आहे. तासभर एकाग्र होता येत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला निदान इतकं सांगता येईल की अर्धा सेकंदही कुणाचं लक्ष एकसारखं नसतं.

आतापर्यंत मंद लहरींबद्दल बोललो. वेगवान लहरींची, सेकंदाला 30 ते 80 वेळा धडकणाऱ्या गॅमाची, गोष्ट वेगळी आणि जास्त वादाची आहे. 1989 साली फ्रँकफुर्टमध्ये चार्ल्स ग्रे, वुल्फ सिंगर आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या दृक्-क्षेत्रात पाहिलं की एकमेकींपासून दूर असलेल्या चेतापेशी एकच लांब पट्टी सरकताना पाहत असतील तर त्यांचे ठोके एका तालात पडतात. पट्ट्या दोन असतील आणि उलट दिशांनी जात असतील तर ताल जुळत नाही. तुकड्या तुकड्यांनी पाहिलेलं दृश्य मेंदू या तालानं एकत्र बांधतो, अशी कल्पना त्यातून पुढे आली. फ्रीस यांनी ती लक्षाशी जोडली. 2001 साली त्यांनी आणि रॉबर्ट डेसिमोन यांच्या गटानं दाखवलं की माकड ज्या चित्राकडे लक्ष देतं, त्या चित्राच्या पेशींमधला गॅमा ताल घट्ट होतो. पुढे फ्रीस यांनी सिद्धान्त मांडला : पेशींचा एक गट दुसऱ्याचं ऐकतो तो ताल जुळल्यावरच. दोन गट एकाच वेळी निरोप पाठवत असले तर ज्याचा ताल ऐकणाऱ्याशी जुळतो त्याचाच निरोप पोचतो.

सिद्धान्त इतका देखणा आहे की तो खरा असावा असं वाटत राहतं. त्यावरचा एक ठोस आक्षेप सुप्रतिम रे यांच्याकडून आला. त्यांनी आणि जॉन मॉन्सेल यांनी 2010 साली दाखवलं की चित्राची उठावदारी बदलली की गॅमाचा वेगच बदलतो. एकाच दृश्यात कुठे उठावदारी कमी, कुठे जास्त असते, म्हणजे मेंदूच्या शेजारशेजारच्या जागा एकाच क्षणी वेगवेगळ्या वेगानं धडधडतात. मग सगळ्यांचा ताल जुळणार कसा? रे आता बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करतात. फ्रीस यांच्या बाजूनंही उत्तरं आली आहेत, आणि गॅमा हा मेंदूच्या बोलण्याचा मार्ग आहे की त्या बोलण्याचा फक्त पडसाद, हा वाद मिटलेला नाही.

लयबद्ध लक्षाच्या शोधालाही धक्का बसला आहे. 2022 साली जेफ्री ब्रुकशायर यांनी गणितानं दाखवलं की वर सांगितलेल्या प्रकारच्या अनेक प्रयोगांत लय आहे की नाही हे तपासण्याची पद्धतच सदोष आहे. मोजमापांचा क्रम उलटापालटा करून तुलना केली जाई. पण कोणत्याही मोजमापात शेजारचे क्षण एकमेकांसारखे असतातच, त्यांचा एकमेकांवर परिणाम असतो. क्रम मोडला की तोही परिणाम मोडतो, आणि लय नसली तरी लय सापडल्यासारखं वाटतं. काही जुने निष्कर्ष नव्या कसोटीवर टिकले नाहीत. मेंदूच्या आतून थेट घेतलेल्या नोंदींवर आधारलेला पुरावा मला अजून भक्कम वाटतो, कारण तिथे लहर स्वतः दिसते. तरी ब्रुकशायर यांच्यासारखं काम करणाऱ्यांचे आपण आभार मानले पाहिजेत. सरांचा प्रश्न आकड्यांना विचारण्याचं कष्टाचं काम ते करतात.

आणि तो प्रश्न न विचारल्यानं काय होतं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी गावोगावी 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले होते. मेंदूच्या लहरी जागवतो, मग मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागेल, असं सांगून पालकांकडून हजारो रुपये घेतले जात. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी आणि इतर विवेकवाद्यांनी साधी कसोटी लावली. नाकाजवळच्या फटीतून दिसणार नाही अशा तऱ्हेनं पट्टी बांधली की वाचन थांबतं. मला सर्वांत जास्त यातना होतात त्या मुलांचा विचार करून. फटीतून बघून खोटं बोलायला त्यांना मोठ्यांनी शिकवलं, आणि टाळ्या वाजवल्या. मध्यमेंदूत डोळ्यांशिवाय पाहण्याची कोणतीही सोय नाही. अल्फा वाढवणारं संगीत विकणाऱ्यांनाही एवढं विचारा : कुठली अल्फा, मेंदूच्या कुठल्या भागात, आणि कशाकडे दुर्लक्ष करायला?

प्रतिष्ठित प्रयोगशाळांच्या निष्कर्षांनाही हाच प्रश्न लागू होतो. 2016 साली एमआयटीच्या ली-ह्वेई त्साई यांच्या गटानं जाहीर केलं की सेकंदाला 40 वेळा लुकलुकणारा दिवा उंदरांना दाखवला की अल्झायमरशी संबंधित ॲमिलॉइड प्रथिन कमी होतं. जगभर आशा पसरली, लुकलुकणारे दिवे विकायलाही आले. 2023 साली ग्यॉर्गी बुझाकी यांच्या गटानं तोच परिणाम शोधला आणि त्यांना तो मिळाला नाही. माणसांवरच्या चाचण्या चालू आहेत. त्यांचे निकाल येईपर्यंत घरी आईवडिलांसाठी असा दिवा विकत घ्यावा असं मी कुणालाही सांगणार नाही.

त्यापेक्षा बंगळूरमध्ये जे सावकाश चाललं आहे ते मला जास्त आश्वासक वाटतं. रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या पुढच्या निरोगी माणसांना पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोठी चित्रं दाखवली आणि डोक्यावर नेहमीची ईईजी टोपी चढवली. अशा चित्रांनी गॅमा जोरात उठते. 2020 साली त्यांनी प्रसिद्ध केलं की वयाबरोबर ही गॅमा क्षीण होत जाते. पुढच्याच वर्षी दाखवलं की ज्यांच्या स्मरणशक्तीला सौम्य बाधा सुरू झाली आहे किंवा ज्यांना अल्झायमर आहे, त्यांच्यात ती त्याच वयाच्या निरोगी लोकांपेक्षाही क्षीण असते. रुग्णांची संख्या थोडी होती. पण या तपासणीत सुई नाही, किरणोत्सार नाही, लाखोंचं यंत्रही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी ईईजी होतो, तिथे हे करता येईल. आता कळायला हवं ते असं की नावं विसरायला लागण्याच्या आधी, किती आधी, ही लहर उतरू लागते. त्यासाठी आज धडधाकट असलेल्या शेकडो माणसांना दर काही वर्षांनी पुन्हा बोलावून त्याच पट्ट्या दाखवाव्या लागतील. साठीच्या आसपासचे अनेक श्रोते मला समोर दिसत आहेत. अशा अभ्यासासाठी कुणी तुम्हाला बोलावलं, तर तासभर टोपी घालून पडद्यासमोर बसायला नक्की जा.